बाळू कॉलेजला जातो

घासाघीस ही कला मला कधी साधली नाही. भाजीवाल्यानं ‘भेंडी तीस रुपये पाव’ म्हटलं, की मी तीस रुपये काढतो. कधीकधी त्यालाच माझी दया येते आणि तो दोन मिरच्या फुकट टाकतो. आमच्या सौ.चं उलट आहे. तुळशीबागेत एका डब्यासाठी ती तीन वेळा दुकान सोडून निघालेली मी पाहिली आहे. तिसऱ्या वेळी ती कोपऱ्यापर्यंत पोचते, मागून ‘ओ ताई, घेऊन जा!’ अशी हाक येते आणि मग ती मागे न पाहता तिथेच थांबते. त्या थांबण्यात जो रुबाब असतो, तो मी आमच्या बँकेच्या चेअरमनमध्येही पाहिला नाही.

बँकेत मी ३७ वर्षं काढली. तिथेही मला स्वतःच्या पगाराबद्दल कधी तोंड उघडावं लागलं नाही. १९७१ साली नेमणुकीचं पत्र आलं, त्यात पगाराचा आकडा टाइप केलेलाच होता. पुढची सगळी बोलणी मुंबईला, मी न पाहिलेल्या टेबलावर, मी न पाहिलेल्या पुढाऱ्यांनी केली. माझ्याकडे फक्त संपाच्या दिवशी घरी बसण्याचं काम असे आणि ते मी निष्ठेनं केलं.

असा माणूस वयाच्या ७१व्या वर्षी लाखो डॉलरच्या करारांची बोलणी करू लागला, हे ऐकून आमच्या सोसायटीतले लोक अजून हसतात. डॉलर खरे नाहीत, ज्यांच्याशी बोलणी करायची ते खेळाडूही खरे नाहीत. जागरण मात्र खरं आहे, आणि चष्म्याचा नंबर वाढला तोही खरा.

झालं असं. २०१९च्या जानेवारीत आम्ही चिरंजीवांकडे न्यू जर्सीला होतो. बाहेर गुडघाभर बर्फ. चिरंजीव आणि सूनबाई सकाळी कामावर, नातू शाळेत, सौ. स्वयंपाकघरात आणि मी खिडकीत. चौथ्या दिवशी मी समोरच्या घराच्या पागोळ्या मोजून लिहून ठेवू लागलो, तेव्हा चिरंजीवांना काळजी वाटली असावी. ते म्हणाले, “बाबा, आमच्या लीगमध्ये एक टीम रिकामी आहे. घेता का?”

चिरंजीव इंटरनेटवर बेसबॉलचा एक खेळ खेळतात, हे मला तेव्हाच कळलं. चोवीस संघ, चोवीस मालक. कोणी ओहायोत नळ दुरुस्त करतो, कोणी टेक्ससमध्ये निवृत्त शिक्षक आहे. ज्याची टीम रिकामी होती त्या गृहस्थाला जुळं झालं होतं, त्यामुळे त्याला रात्री जागायला दुसरं निमित्त मिळालं होतं. खेळ असा, की चेंडू कोणी टाकत नाही आणि कोणी मारतही नाही; सामने संगणक खेळतो. आपण खेळाडू घ्यायचे, विकायचे, संघ लावायचा आणि आठवड्यातून तीनदा निकाल पाहून डोक्याला हात लावायचा. अमेरिकेत हा नाद जुना आहे. संगणक नव्हते तेव्हा लोक हेच फासे आणि पत्ते घेऊन खेळत. स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा तसा खेळ १९६१ सालापासून आहे.

संघ चालवणाऱ्याला तिथे जनरल मॅनेजर म्हणतात. बँकेच्या ३७ वर्षांत मी जनरल मॅनेजर दोनदा पाहिले, दोन्ही वेळा पाठमोरे. आता सोफ्यावर मांडी घालून, शेंगदाणे खात खात मी स्वतः जनरल मॅनेजर झालो. मी लगेच हो म्हणालो.

पहिल्याच महिन्यात ‘ड्राफ्ट’ आला. मला ड्राफ्ट म्हटलं की डिमांड ड्राफ्टच माहीत. आमच्या ड्राफ्टमध्ये पैसे आधी भरावे लागत आणि मग नाव पडे. इथे नाव आधी पडतं आणि पैशांची बोलणी नंतर सुरू होतात. शाळा-कॉलेजांतून तयार झालेली पोरं दरवर्षी एका यादीत येतात आणि संघ एकेक करून त्यांची नावं घेतात. ज्या संघाचा आदल्या वर्षी बोजवारा उडाला असेल, त्याला नाव घेण्याचा मान साधारणपणे लवकर. आपल्याकडे नापास होणाऱ्याला शेवटचा बाक मिळतो, तिथे पहिला देतात.

आमच्या लीगचे नियम तिथल्या खऱ्या व्यावसायिक बेसबॉलवरूनच बेतलेले आहेत. खरा ड्राफ्ट १९६५ साली सुरू झाला. त्याआधी ज्याची थैली मोठी तो क्लब चांगली पोरं उचलून नेई. पहिल्या वर्षी पहिलं नाव निघालं रिक मंडे या कॉलेजातल्या खेळाडूचं. त्याला सहीबद्दल सुमारे एक लाख डॉलर मिळाले. २०२३ साली पहिला आलेला पॉल स्कीन्स सहीचे ९२ लाख डॉलर घेऊन गेला. मी सही करताना बँकेनं मला पेनही दिलं नव्हतं.

पण यात एक ग्यानबाची मेख आहे. ज्या क्लबनं तुमचं नाव घेतलं, त्याच क्लबशी बोलायचं. शेजारचा क्लब दुप्पट द्यायला तयार असला तरी त्यानं तोंड उघडायचं नाही. म्हणजे स्थळ एकच, आणि तेही चिठ्ठी टाकून ठरलेलं. मग त्या अठरा वर्षांच्या पोरानं घासाघीस करायची ती कशाच्या जोरावर? तर एकाच गोष्टीच्या: ‘मी कॉलेजला जाईन!’ चार वर्षांच्या कॉलेजात एकदा पाय ठेवला, की साधारण तीन वर्षं क्लबांना त्याला हात लावता येत नाही.

हे वाचून मी चष्मा काढून पुसला. आमच्या पेठेत ‘मी कॉलेजला जाणार नाही’ ही धमकी असे. इथे पोरं ‘कॉलेजला जाईन’ म्हणून लाखो डॉलर काढतात!

आणि ही धमकी पोकळ नसते. १९७१ साली डॅनी गुडविन नावाच्या शाळकरी मुलाचं नाव शिकागोच्या क्लबनं साऱ्या देशात पहिलं घेतलं. पठ्ठ्या सही न करता कॉलेजला गेला. चार वर्षांनी, १९७५ साली, कॅलिफोर्नियाच्या क्लबनं पुन्हा त्याचंच नाव पहिलं घेतलं. दोनदा पहिला आलेला तो एकटाच. खेळाडू म्हणून पुढे तो फार चमकला नाही, पण ती गोष्ट वेगळी. २०१४ साली ह्यूस्टनच्या क्लबनं ब्रेडी एकन या डावखुऱ्या पोराला पहिला घेतला, वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका निघाली, क्लबनं आकडा खाली आणला आणि बोलणी फिसकटली. भरपाई म्हणून पुढच्या वर्षी क्लबला दुसऱ्या क्रमांकाचं नाव मिळालं. त्यावर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमन घेतला आणि तो नावारूपाला आला. म्हणजे मोडलेल्या लग्नातही कोणाचं तरी भलं होतं. माइक पियाझा तर १९८८ साली ६२व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतला गेला, आणि तोही त्याच्या वडिलांची टॉमी लासोर्डा या नामवंत प्रशिक्षकाशी दोस्ती होती म्हणून! २०१६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्याचं एवढं चांगलं उदाहरण आपल्याकडेही सापडायचं नाही.

तर आता बाळू.

बाळू हे त्याचं खरं नाव नव्हे. संगणकानं दोन आडनावं एकमेकांवर आपटून त्याला काहीतरी नाव दिलं होतं, ते मला उच्चारता येईना. वय अठरा, डावखुरा पिचर, चेंडू भन्नाट. गेल्या वर्षी जुलैत दुसऱ्या फेरीत माझी पाळी येईपर्यंत तो यादीत शिल्लक होता. का, ते नाव घेतल्यावर कळलं. त्या जागेचा ठरलेला भाव अकरा लाख डॉलर. बाळूची मागणी अठरा लाख. नाहीतर कॉलेज.

क्लबनं सगळ्या नव्या पोरांवर मिळून किती खर्चायचं याची मर्यादा असते. माझी होती सत्तर लाख. थोडी ओलांडली तर दंड. पाच टक्क्यांहून जास्त ओलांडली, तर दंड आणि वर पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीतलं नावही जप्त. मग अनुभवी लोक काय करतात, तर खालच्या फेऱ्यांत कॉलेजच्या चौथ्या वर्षाची पोरं घेतात. त्यांचं कॉलेज संपलेलं असतं. ‘कॉलेजला जाईन’ म्हणायची सोय नाही. अशांना जागेच्या भावाच्या नखाएवढी रक्कम पुढे केली तरी सही करतात, आणि उरलेले पैसे बाळूसारख्यांना द्यायला मोकळे होतात. मी असे तीन पदवीधर दहा-दहा हजारांत घेतले. तिघांनीही पहिल्या आकड्याला मान डोलावली. त्यातून तीन लाख वाचले. मोठी शिकार केल्यासारखं वाटलं.

मग दुपारी जरा आडवा झालो तेव्हा माझं १९७१ सालचं पत्र आठवलं. बी. कॉम. झालेला, तेवीस वर्षांचा, पाठीवर दोन बहिणी, परत जायला कॉलेज नाही. पत्रावरचा आकडा मी पुरता वाचलाही नव्हता, आधी सही केली होती. त्या तीन पदवीधरांपैकी एकाला पुढच्या मोसमात मी विनाकारण वरच्या संघात जागा दिली. तो दर सामन्यात मार खाई, पण मी त्याला बसवला नाही.

बाळूकडे आता माझे चौदा लाख होते. मी अकरापासून सुरुवात केली. पडद्यावर उत्तर आलं: कॉलेज बरं वाटतं. साडेबारा. कॉलेज बरं वाटतं. संगणक नेहमी त्याच शब्दांत नाही म्हणतो, पण मला बाळूचा आवाज चढल्यासारखा वाटे. शिवाय त्याच्या नावापुढे संयमाची एक हिरवी पट्टी होती, ती प्रत्येक आकड्यागणिक आखडत चालली होती.

मी सौ.चा सल्ला घेतला. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “अहो, उठून चालायला लागा. हाक मारतो की नाही बघा.”

मी दोन दिवस पडदा उघडला नाही. तुळशीबागेच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यासारखा मनाशी थांबलो. हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पट्टी आणखी आखडलेली. सौ.ला सांगितलं. तिनं एका शेंगेचा वेळ विचार केला आणि म्हणाली, “डबेवाल्याला डबा विकायचा असतो. याला काय विकायचंय? तोच तुमच्या दुकानातून उठून चाललाय.”

३७ वर्षं बँकेत असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सह्यांची मुदत अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या वेळेनं संध्याकाळी पाचची. म्हणजे पुण्यात पहाटेचे अडीच. शेवटच्या रात्री मी स्वेटर घालून जेवणाच्या टेबलाशी बसलो. पाऊस पडत होता. फोनच्या पडद्यावर चिरंजीव होते, पाठीमागे त्यांच्या ऑफिसची खिडकी आणि लख्ख ऊन. त्यांच्या संघाच्या सह्या केव्हाच आटोपल्या होत्या. ते मला सोबत म्हणून बसले होते.

“बाबा, जाऊ द्या ना त्याला कॉलेजला,” ते म्हणाले.

“अरे, वेडा आहेस का!” मी म्हणालो. “शिक्षण काय, केव्हाही होतं. कॉलेज कुठे पळून जातंय? असा हात एकदाच येतो. तीन वर्षांनी हा हात असाच राहील याची गॅरंटी आहे का?”

पलीकडून काही आवाज आला नाही. आधी मला वाटलं नेट गेलं. पण चिरंजीवांच्या पाठीमागे झाडाची फांदी हलत होती.

मग माझं वाक्य माझ्याच कानात परत आलं, आणि कुठे ऐकलंय हे ते आठवलं. ऐकलं नव्हतं, बोललो होतो. फक्त उलट्या बाजूनं.

१९९४ सालचा जानेवारी. चिरंजीव बारावीला. डावखुरे मध्यमगती गोलंदाज, चेंडू आत आणायचे. एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं, तीन आठवड्यांचं. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न करता म्हणालो, “क्रिकेट कुठे पळून जातंय? ॲडमिशन एकदाच येते.” मग जरा कडक झालं असं वाटून जोडलं, “इंजिनिअरिंगला नंबर लागला की नवे बूट घेऊ. स्पाइक्सवाले.”

चिरंजीव ‘बरं’ म्हणाले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात जलद झालेला करार तो. एक आकडा, एक उत्तर, संयमाची पट्टी नाही, एजंट नाही. नंबर लागला. बूटही घेतले, मी शब्दाला पक्का आहे. ते पहिल्या वर्षी चार-सहा वेळा घातले गेले असतील. पुढे इंजिनिअरिंग, मग अमेरिका, घर, सूनबाई, नातू. सगळं उत्तम झालं. तक्रार कोणाची नाही. मी पुष्कळांना हे उदाहरण म्हणून सांगितलं आहे.

घड्याळात दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. मर्यादा ओलांडून, दंड भरून, मी जास्तीत जास्त साडेसतरा लाखांपर्यंत जाऊ शकत होतो. तो आकडा मी टाइप करून ठेवला होता. बटण दाबायचं होतं.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

चिरंजीवांनी चष्मा वर केला. असा प्रश्न मी त्यांना टी.व्ही. कोणता घ्यावा यापलीकडे कधी विचारला नसावा. ते म्हणाले, “मला कशाला विचारता, बाबा? त्याला विचारा.”

मी बटण दाबलं.

उत्तर यायला नेहमीइतकाच वेळ लागला. बाळूनं कळवलं, की त्याला कॉलेज बरं वाटतं. हिरवी पट्टी संपली आणि तिथे एक राखाडी रेघ उरली.

“गेला,” मी म्हणालो.

“गेला,” चिरंजीव म्हणाले. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी भरपाईचं एक नाव मिळेल तुम्हाला.” मग थोडं थांबून, “बाबा, ते बूट एक नंबर मोठे होते.”

“तेव्हा का नाही बोललास?”

“तुम्ही विचारलं नाही.”

दोघंही हसलो. जरा जास्त वेळ हसलो. मग त्यांची कोणाशी तरी मीटिंग होती.

बाळूचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. आमच्या लीगमध्ये तीन मोसम वर्षभरात उरकतात. कॉलेजची तीन वर्षं करून बाळू परवा पुन्हा यादीत आला. मधल्या काळात त्याचा कोपर एकदा दुखावला होता. ओहायोच्या नळवाल्यानं त्याला पाचव्या फेरीत घेतला, मी तिथपर्यंत थांबायला नको होतं. सध्या तो खालच्या एका लीगमध्ये बरा खेळतो. भरपाईच्या नावावर मी एक धिप्पाड पोरगा घेतला, तो अजून चेंडूला बॅट लावायचा आहे. यावरून त्या रात्री बरोबर कोण होतं ते ठरवायचं मी पुष्कळ पाहिलं. ठरत नाही.

त्या पहाटे मी दिवा मालवून आत गेलो तर सौ. जागी होती.

“गेला का तुमचा बाळू?”

“गेला. कॉलेजला.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्याला विचारलंत ना पण?”

मला एकदम आठवलं. १९९४च्या त्या सकाळी, मी बुटांचं बोलत होतो तेव्हा, ही स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली होती.

“तेव्हा तू आतून काय म्हणाली होतीस गं?” मी विचारलं. “कुकरच्या शिट्टीत मला ऐकूच आलं नाही.”

सौ.नं पांघरूण ओढून घेतलं आणि कूस बदलली.

“हेच म्हणाले होते,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “आणि कुकर केव्हाच उतरवला होता.”